पदवी की प्रमाणपत्र? विरार परिसरातील व्यायाम-प्रशिक्षकाच्या शिक्षणाचा प्रश्न

बीजसंज्ञा : शारीरिक शिक्षण, व्यक्तिगत प्रशिक्षक, बी.पी.एड., क्षमता-प्रमाणन, विरार

प्रास्ताविक

परीक्षेचे अर्ज भरण्याच्या दिवसांत तृतीय वर्ष वाणिज्य शाखेचा एखादा विद्यार्थी प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी घुटमळतो आणि विचारतो, "सर, मला पर्सनल ट्रेनर व्हायचंय. बी.पी.एड. करू की सर्टिफिकेट कोर्स लावू?" पूर्वी असा प्रश्न क्वचित ऐकू येई, आता जवळजवळ प्रत्येक तुकडीत तो विचारणारा कोणीतरी असतोच. आपण बहुतेक जण "आधी डिग्री पूर्ण कर" असे सांगून त्याची बोळवण करतो. हा सल्ला चुकीचा नाही, परंतु त्याने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हे. त्याच्या घरी वडिलांनी दोन वर्षांची फी आणि दोन वर्षांचे न मिळणारे उत्पन्न यांचा हिशेब मांडलेला असतो. दुसरीकडे परिचयातील जिमचा चालक "तीन महिन्यांचा कोर्स कर, लगेच कामावर घेतो" असे म्हणत असतो. प्रस्तुत लेखात या दोन मार्गांचे स्वरूप, त्यांची व्याप्ती आणि मर्यादा यांचा विचार केला आहे. लेखाचा रोख विद्यार्थ्यापेक्षा त्याला सल्ला देणाऱ्या शिक्षकाकडे अधिक आहे.

स्थानिक पार्श्वभूमी

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका व काही ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात गेला. या काळात विरारच्या पूर्वेला आणि पश्चिमेला वसाहती उभ्या राहिल्या, आणि वसाहतींबरोबर जिम आल्या. जीवदानीच्या सुमारे तेराशे पायऱ्या पहाटे व्यायाम म्हणून चढणारी माणसे येथे पूर्वीपासून आहेत. २०११ पासून महापौर मॅरेथॉनमुळे धावणाऱ्यांची संख्या वाढली. आगरी, कोळी, वाडवळ वस्त्यांतील कबड्डीचे संघ तर त्याहून जुने.

चर्चगेट येथून सुमारे साठ किलोमीटर अंतरावर आहे. रोज लोकलमध्ये तीन-साडेतीन तास घालवणाऱ्या घरातील मुलाला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरील नोकरी आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या नोकरीचा दिवस दुभंगलेला असतो : सकाळी सहा ते दहा आणि सायंकाळी पाच ते दहा. ज्याला चांगल्या मोबदल्यासाठी अंधेरी-वांद्र्याला जावे लागते, त्याची दुपार ना घरी जाते ना कामावर. शिवाय बहुतांश ठिकाणी जिमच्या मजल्यावर सर्वांकडे लक्ष देणारा 'फ्लोअर ट्रेनर' आणि एकेका ग्राहकाला स्वतंत्र वेळ देणारा 'पर्सनल ट्रेनर' असा भेद केला जातो. पहिल्याला ठरावीक पगार मिळतो; दुसऱ्याचे उत्पन्न ग्राहकाने भरलेल्या शुल्कातील हिश्श्यावर अवलंबून असते. विद्यार्थ्याच्या मनात चित्र दुसऱ्याचे असते. सुरुवात मात्र त्याला पहिल्यापासून करावी लागते.

परंपरा : वस्तादाकडून पदवीकडे

महाराष्ट्रात व्यायामाचे शिक्षण प्रमाणपत्राविना शतकानुशतके चालले. तालमीत वस्ताद शिकवी. त्याची योग्यता त्याच्या पठ्ठ्यांवरून ठरे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, ते कोणत्याही परीक्षेचे फलित नव्हते. विसाव्या शतकात या ज्ञानाला संस्थारूप येऊ लागले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पायाभरणी केली; या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९२४ मध्ये पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले, त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले आणि योगक्रियांचे शरीरशास्त्रीय मापन करण्याचा तेव्हा अपूर्व असलेला प्रयोग हाती घेतला. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. व्यायामाविषयीचे ज्ञान मराठीत उपलब्ध होते, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवू. पुढे तिचा संबंध येणार आहे.

पदवीचा प्रवाह याहून वेगळ्या दिशेने आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई राष्ट्रीय महाविद्यालय निघाले. या सर्व संस्थांसमोरचा मुख्य प्रश्न एकच होता, शाळांना शारीरिक शिक्षणाचे शिक्षक कसे मिळतील? आजच्या बी.पी.एड.चा वंशवृक्ष हा आहे, आणि त्याची घडण समजून घेतल्याशिवाय तिची तुलना प्रमाणपत्राशी करणे व्यर्थ आहे.

पदवी नेमकी कशाची?

बी.पी.एड. ही अध्यापक-शिक्षणाची पदवी होय. म्हणूनच तिचे नियमन राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद करते. परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी पूर्वीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा केला. प्रवेशासाठी पदवी लागते आणि सामान्यतः मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धांतील सहभागही लागतो. महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या परीक्षेत लेखी भागासोबत मैदानी चाचणी असते. केवळ जिममध्ये वजने उचललेला, कधीही स्पर्धेत न उतरलेला विद्यार्थी येथे अडतो, आणि हे त्याला अनेकदा अर्ज भरतानाच कळते.

अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, गतिशास्त्र, चाचणी व मापन, क्रीडामानसशास्त्र हे विषय असतात, आणि त्यांचे मोल कमी लेखू नये. परंतु त्याच वेळापत्रकात धावपट्टी आखणे, स्पर्धांची बाद-फेरी व साखळी पद्धतीने रचना करणे, पंचगिरी, कवायत, पाठ-नियोजन आणि शाळेतील सराव-पाठ यांनाही मोठी जागा असते. साठ निरोगी मुलांना एका शिट्टीवर चाळीस मिनिटे व्यवस्थित कार्यरत ठेवणे हे कौशल्य ही पदवी देते. (ज्याला हे सोपे वाटते त्याने एकदा आठवीच्या वर्गाची शेवटची तासिका घेऊन पाहावी.) एका पन्नाशीच्या गृहिणीच्या गुडघेदुखीचा विचार करून तिच्यासाठी बारा आठवड्यांचा व्यायामक्रम आखणे हे निराळे कौशल्य आहे, आणि ते या पदवीचे उद्दिष्ट कधीच नव्हते.

मग पदवी का घ्यावी? तिचे दार दुसरीकडे उघडते म्हणून. शाळेतील शारीरिक शिक्षण शिक्षकाचे पद, पुढे एम.पी.एड. आणि नेट अथवा सेट झाल्यास महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाचे पद, ही या वाटेवरची ठिकाणे आहेत. मात्र शालेय पदांची स्थिती विद्यार्थ्यापासून लपवणे प्रामाणिकपणाचे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने सहावी ते आठवीच्या शाळेत, तीही शंभराहून अधिक पट असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली आहे. 'अंशकालीन' या एका शब्दात पुष्कळ काही आले. पदवी मिळवूनही वर्षानुवर्षे मानधनावर काम करणारे तरुण आपण सर्वांनी पाहिलेले आहेत.

प्रमाणपत्र : एक शब्द, दोन वस्तू

मराठीत आपण 'प्रमाणपत्र' हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरतो, आणि बराचसा घोटाळा येथे होतो. पहिली गोष्ट म्हणजे उपस्थितीचे प्रमाणपत्र : अमुक व्यक्ती अमुक दिवस वर्गात बसली, एवढेच ते सांगते. दुसरी गोष्ट म्हणजे क्षमतेचे प्रमाणन : शिकवणाऱ्यापासून स्वतंत्र अशा परीक्षा-यंत्रणेने उमेदवाराची परीक्षा घेतली, तो ठरलेल्या निकषाला उतरला आणि ठरावीक मुदतीनंतर त्याला ते पुन्हा सिद्ध करावे लागेल.

दुसऱ्या प्रकारात अमेरिकेतील काही संस्था जगभर ओळखल्या जातात. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन १९५४ मध्ये, नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन १९७८ मध्ये, अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज १९८५ मध्ये आणि नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन १९८७ मध्ये स्थापन झाली. यांच्या व्यक्तिगत प्रशिक्षकाच्या परीक्षेला विद्यापीठाची पदवी लागत नाही. अठरा वर्षे वय आणि हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे, म्हणजे सी.पी.आर.चे, वैध प्रशिक्षण अशा अटी असतात. मिळालेले प्रमाणपत्र दोन अथवा तीन वर्षांनी संपते. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजच्या बाबतीत दर दोन वर्षांनी वीस तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते. आपली पदवी मात्र आजन्म टिकते. १९९५ साली मिळालेली पदवी २०२५ मध्येही तितकीच वैध असते, मधल्या काळात शास्त्र कितीही बदललेले असो. पदवीधरांनी या बाबतीत थोडे अंतर्मुख व्हावे, असे मला वाटते.

उलट बाजूही आहे. याच नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशनची खेळाडूंच्या प्रशिक्षकांसाठी असलेली वरची परीक्षा देण्यास पदवी, निदान पदवीच्या अंतिम वर्षात असणे, आवश्यक आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची वरच्या पातळीची परीक्षाही संबंधित विषयातील पदवीधरांसाठीच आहे. म्हणजे प्रमाणपत्राच्या वाटेवर पुढे गेलेल्या माणसाला एका टप्प्यावर पदवी आडवी येते. तृतीय वर्षात शिक्षण सोडून जिममध्ये रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट त्या वेळी कोणी सांगत नाही.

भारतात २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा जाहीर झाला आणि क्रीडा, शारीरिक शिक्षण, फिटनेस व विरंगुळा या क्षेत्रासाठीच्या कौशल्य परिषदेने 'फिटनेस ट्रेनर' या कामाची अर्हता ठरवली. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम १९६१ पासून प्रसिद्ध आहेत, परंतु ते विशिष्ट खेळाच्या मार्गदर्शकासाठी आहेत. जिमच्या प्रशिक्षकाशी त्यांची गल्लत करू नये. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, जिममध्ये प्रशिक्षक म्हणून काम करण्यासाठी आपल्या देशात यांपैकी कोणतीही अर्हता कायद्याने सक्तीची नाही. केशकर्तनालयात काम करण्यास परवाना लागत नाही, तसाच येथेही लागत नाही; फरक इतकाच की चुकलेले केस पुन्हा वाढतात. फिजिओथेरपिस्ट आणि पोषणतज्ज्ञ हे व्यवसाय २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत आले. जिममधील प्रशिक्षक त्या व्यवस्थेच्या बाहेर राहिला. ऑस्ट्रेलियात जिम-निदेशकासाठी तिसऱ्या आणि व्यक्तिगत प्रशिक्षकासाठी चौथ्या पातळीचे व्यावसायिक प्रमाणपत्र हा रूढ क्रम आहे. तशी पायरी आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर मिळालेले, सोनेरी मुद्रा असलेले प्रमाणपत्र मोठ्या अभिमानाने आणून दाखवले होते. परीक्षा झाली का, असे विचारल्यावर त्याने सांगितले, "सर, चहाच्या आधी वीस प्रश्न होते, उत्तरं सरांनीच सांगितली." त्याने त्यासाठी आईकडून उसने पैसे घेतले होते. संस्थेचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही.

ग्राहक कोण आहे?

या चर्चेत ज्याचा उल्लेख सहसा होत नाही, तो म्हणजे ग्राहक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडिअॅब' या अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह, १३.६ कोटींना मधुमेहपूर्व अवस्था आणि ३१.५ कोटींना उच्च रक्तदाब आहे. विरारच्या जिममध्ये सायंकाळी येणारा पंचेचाळिशीचा, लोकलमधून उतरून थेट आलेला गृहस्थ या आकड्यांच्या बाहेरचा असेल, असे गृहीत धरता येत नाही.

काही साधी उदाहरणे पाहू. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळी घेणारा मधुमेही दुपारी नीट न जेवता व्यायामास आला, तर त्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम आणि थरथर यांना प्रशिक्षक 'चांगला वर्कआउट' समजला तर अनर्थ ओढवतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याच्या हृदयाचे ठोके औषधामुळेच दाबलेले असतात. त्याला '२२० वजा वय' या सूत्राने काढलेल्या ठोक्यांपर्यंत पळवणे म्हणजे मोजमापाच्या नावाखाली जुगार होय. श्वास रोखून जड वजन उचलताना रक्तदाब क्षणात पुष्कळ चढतो, आणि मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या व्यक्तीला त्यातून डोळ्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पहिल्याच दिवशी नवख्याकडून शेकडो बैठका काढून घेतल्यास स्नायूपेशी फुटून त्यांतील प्रथिन मूत्रपिंडावर येते. गडद रंगाची लघवी हे त्याचे लक्षण, आणि तेव्हा जागा जिमची नव्हे, रुग्णालयाची असते.

यांवर उपाय करणे प्रशिक्षकाचे काम नाही. केव्हा थांबायचे आणि कोणाकडे पाठवायचे हे ओळखणे मात्र त्याचेच काम आहे. व्यायामापूर्वी प्रश्नावली भरून घेणे, औषधांची चौकशी करणे, लक्षणे दिसल्यास वैद्यकीय संमती मागणे ही शिस्त चांगल्या प्रमाणन-परीक्षांच्या अभ्यासक्रमात केंद्रस्थानी असते. बी.पी.एड.मध्ये शरीरक्रियाशास्त्र अधिक विस्ताराने येते, पण त्यातील मनुष्य मुख्यतः निरोगी विद्यार्थी किंवा खेळाडू असतो. म्हणून केवळ या एका कसोटीवर मत द्यायचे तर, जिममध्ये काम करणाऱ्यासाठी मी चांगल्या प्रमाणनाच्या बाजूने मत देईन. तीन महिन्यांच्या कोणत्याही कागदाच्या बाजूने मात्र नव्हे.

मोहाचा भाग वेगळाच. प्रथिनांच्या डब्यांच्या विक्रीवर मिळणारे कमिशन हा अनेक प्रशिक्षकांच्या उत्पन्नाचा घटक असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत मात्र शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत असा सल्ला आहे. त्यापुढची पायरी अॅनाबॉलिक स्टेरॉइड्सची. ती वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती कोठे मिळतात हे विद्यार्थ्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. भूल दिलेल्या रुग्णाचा उतरलेला रक्तदाब चढवण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन 'स्टॅमिना' वाढवण्यासाठी तरुणांना विकल्याबद्दल महाराष्ट्र पोलिसांनी गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी कारवाया केल्या आहेत. पदवी वा प्रमाणपत्र यांपैकी काहीही माणसाला प्रामाणिक बनवत नाही. तथापि ज्याला औषधाचे कार्य समजते, त्याला 'मला माहीत नव्हते' असे म्हणता येत नाही.

भाषेचा अडसर

आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या परीक्षांची पाठ्यपुस्तके इंग्रजीत आणि जाडजूड असतात. अर्नाळा, आगाशी किंवा वसईच्या पूर्वेकडील आदिवासी पाड्यांतून मराठी माध्यमातून आलेला, शरीराने तरबेज आणि स्वभावाने उत्तम शिक्षक होऊ शकेल असा मुलगा येथे थबकतो, आणि नेमका तोच दोन दिवसांच्या सोनेरी मुद्रेकडे वळतो. उलटपक्षी इंग्रजी पाठ करून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रशिक्षकाला समोरच्या आजींना 'कंबर न वाकवता, कुल्ल्यातून मागे जा' हे साध्या मराठीत सांगता येत नाही. तो 'हिप हिंज करा' म्हणतो आणि आजी नम्रपणे काहीतरी भलतेच करतात. ज्या भाषेत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले, त्या भाषेत आज प्रशिक्षकासाठी एक अद्ययावत क्रमिक पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती देता येऊ नये, ही उणीव शारीरिक शिक्षण आणि मराठी या दोन्ही विभागांनी मनावर घेण्यासारखी आहे.

सल्ला कसा द्यावा

विद्यार्थ्याला प्रथम 'तुला कोणाला शिकवायचे आहे?' असे विचारावे. मुलांना, शाळेत, मैदानावर असे उत्तर आले तर बी.पी.एड.ला पर्याय नाही, आणि पदांची परिस्थिती सांगूनही तो ठाम असेल तर त्याला अडवू नये. जिममध्ये प्रौढांना, असे उत्तर असेल तर हाती असलेली पदवी पूर्ण करावी, मग ती वाणिज्य शाखेची का असेना. कारण पुढे बी.पी.एड., वरच्या प्रमाणन-परीक्षा आणि स्पर्धा परीक्षा यांची दारे तिच्यामुळेच उघडी राहतात. व्यवसाय करायचा तर जमाखर्चाचे ज्ञान वाया जात नाही. त्यानंतर स्वतंत्र परीक्षा असलेले एक प्रमाणन घ्यावे, आणि त्याआधी एखाद्या जिममध्ये काही महिने फ्लोअरवर उभे राहून पाहावे. पहाटे पाचला उठणे वर्षभर जमते का, हे कोणत्याही पुस्तकात कळत नाही.

विद्यार्थिनींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावी. परिसरातील अनेक महिलांना स्त्री-प्रशिक्षकच हवी असते, आणि अशा प्रशिक्षक पुरेशा मिळत नाहीत. परंतु रात्री दहाला संपणारी पाळी घरच्यांना पटवून देणे हा तिच्यापुढचा प्रश्न फीच्या प्रश्नाहून अवघड असतो. सकाळच्या पाळीपुरते काम अथवा वसाहतीतील महिलांचा गट हा मार्ग काहींनी काढलेला दिसतो.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेला विचारावयाचे प्रश्न शिक्षकाने विद्यार्थ्याबरोबर बसून लिहून द्यावेत. परीक्षा कोण घेते, शिकवणारा की दुसरा कोणी? अनुत्तीर्ण होणारे असतात का? प्रमाणपत्राची मुदत किती? सी.पी.आर. पुतळ्यावर प्रत्यक्ष करून घेतात का? शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीत या प्रश्नांची उत्तरे नसतात. फोन करून विचारले असता मिळणारी टाळाटाळ हेही एक उत्तर असते.

महाविद्यालयाच्या हाती काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक-रचना आली. तीत कौशल्याधारित अभ्यासक्रमांना जागा आहे, आणि ती जागा अनेक ठिकाणी घाईने सुचलेल्या विषयांनी भरली जाते. व्यायाम-प्रशिक्षणाचा दोन श्रेयांकांचा पायाभूत अभ्यासक्रम जीवशास्त्र, वाणिज्य आणि शारीरिक शिक्षण या विभागांनी मिळून चालवणे अशक्य नाही : शरीररचनेचे सांगाडे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहेत, जिमखाना बहुधा दुपारी रिकामा असतो, आणि रक्तदाब मोजणे शिकवण्यास जवळच्या रुग्णालयातील परिचारिका एक दुपार देऊ शकतात. हा अभ्यासक्रम व्यावसायिक प्रमाणनाची जागा घेणार नाही, आणि तसा दावा महाविद्यालयाने करूही नये, अन्यथा सोनेरी मुद्रांच्या यादीत आपलीही भर पडेल. त्याने इतके मात्र साधेल की तृतीय वर्षाचा विद्यार्थी दाराशी येऊन पदवी की प्रमाणपत्र असे विचारील, तेव्हा रक्तदाबाचा पट्टा त्याने निदान एकदा तरी दुसऱ्याच्या दंडाला बांधलेला असेल.